रिकाम्याचं वजन

रात्रपाळीचा फळा मीच लिहिते.
ट्रेंटन. उणे तेवीस. सरोवराकडून वारा.
सहा जण हवेत, आलेत चार.
प्लॅमंडनच्या पोराला ताप,
आणि उचलगाडीचं तेल थिजून काकवी झालंय.
विमान मात्र पाच चाळीसला सुटायचं.
रीगाहून कुणी विचारत नाही,
ओडील, हात किती होते?
विचारतात, टन किती?

अठरा जागा, अठरा पॅलेट.
कागदावर मी त्यांना तीनदा उठवून बसवलंय,
लग्नघरात पंगत मांडावी तसं:
कोण कुणाशेजारी चालत नाही, ते ध्यानात ठेवून.
बॅटऱ्यांपासून रॉकेल लांब.
जनरेटर पंखांच्या रेषेत, तंबू शेपटीकडे.
टपाल उरल्या फटीत.
टपाल नेहमी फटीतच मावतं.

व्हाइटडक नवी आहे, वीस वर्षांची.
विचारते, पॅलेट रिकामं परत आलं
तर वजनाच्या रकान्यात काय लिहायचं?
एकशे एकतीस किलो.
पण त्याच्यावर काहीच नसतं, सार्जंट.
नसतं. तरी एकशे एकतीस.
जाळ्या धरल्यास तर वर तीस.

तीनला माणसं येतात.
चव्वेचाळीस. मांडीवर हेल्मेट,
कागदी पेल्यात गार होत चाललेली कॉफी.
एकेक काट्यावर चढतो, पिशवीसकट, बंदुकीसकट.
फॉर्मवर: पिन, गारफील्ड, एकशे नऊ.
काट्यावर: एकशे चौदा.
पाच किलो म्हणजे काही नाही.
पाच गुणिले चव्वेचाळीस म्हणजे दोनशे वीस,
म्हणजे वैमानिकाला मी खोटं सांगितलं.

उघड पिशवी, मी म्हणते.
न्यूफाउंडलंडचा पोरगा, कान लालबुंद,
मोज्यांच्या गठ्ठ्याखालून काढतो
बिडाचा तवा. दांड्याचा, काळाभोर,
कुणाकुणाच्या चुलींवर तेल पिऊन गुळगुळीत झालेला.
रांग हसते. मागून कुणीतरी:
सरकारी चिलखत पुरेना का रे तुला?
तो माझ्याकडेच बघतो.
तिथे समुद्र आहे, सार्जंट. मासा मिळेल.
तव्याचं सांगता येत नाही.

नियमात तवा नाही.
बंदीच्या यादीतही नाही, मी दोनदा पाहिलं.
मी कारण लिहीत नाही. वजन लिहिते.
एकशे चौदा.

मग चौघांनी सहांचं काम.
रुळांवरून पॅलेट आत सरकतं तेव्हा
व्हाइटडकच्या कानाशी ओरडावं लागतं:
खटका खट् वाजेस्तोवर हात काढू नकोस,
आणि वाजला की तिथे ठेवू नकोस!
तिच्या पापण्यांवर बर्फ.
एक पट्टा तिने उलटा ओढला होता. सोडवला, पुन्हा ओढला.
पाच एकोणचाळीस.

उडालेलं मी बघत नाही.
सातला दुसरं उतरायचं असतं.

ऑगस्टात विमानाच्या आधी त्याची यादी आली.
पिन, गारफील्ड. एकशे तीन.
अकरा किलोंचा हिशेब मांडत बसले,
काम नव्हतं म्हणून नाही, कामं ढीगभर होती.
जाडे कपडे तिकडून पेटीत आले, पाच धर.
खाण्यात आबाळ, दोन.
तवा, चार.
मेळ बसला. बसल्याचं बरं वाटेना.

उतारावर तो भेटला, उन्हाने रापलेला.
तवा?
राहिला तिकडे, सार्जंट.
कुठे, ते बोलला नाही.
कान मात्र जानेवारीसारखेच लाल.

मागे व्हाइटडक रिकामी पॅलेट मोजत होती.
नऊ. अकराशे एकोणऐंशी.
आता ती विचारत नाही, लिहून मोकळी होते.
मी फळ्यावर उद्याची पाळी लिहायला घेतली.
खडू संपला होता. कुणी सांगत नाही.